उभ्याने, गुडघ्यावर, पालथे : उदगीर ते पॅरिस, नेम कसा बारीक होत गेला

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधील नेमबाजीच्या स्पर्धा प्रत्यक्ष पॅरिसमध्ये नव्हत्या. त्या तिथून बऱ्याच दूर, शातोरू या गावी भरल्या होत्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिथे ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत उतरला. आधी गुडघा टेकून १५ गोळ्या, मग पालथे पडून १५, आणि शेवटी उभ्याने. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर. सदऱ्याच्या गुंडीएवढा.

एवढ्या बारीक खुणेवर नेम धरायचा, तर माणसाला तीन वेगवेगळ्या आसनांत कशासाठी बसवायचे? सर्वांत स्थिर असे एखादे आसन निवडून तेवढ्यावरच स्पर्धा का घेऊ नये? याचे उत्तर रणांगणात आहे. ही तीन आसने म्हणजे बंदुकीच्या इतिहासाचे तीन थर आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना थर आजच्या लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत चांगला उघडा पडलेला दिसतो.

आरंभ उदगीरपासून करावा लागतो.

३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उदगीर-औसा परिसरात निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांच्या सैन्यावर निर्णायक हल्ला चढवला. निजामाची फौज धारूरच्या दिशेने सरकत होती आणि मराठी घोडदळ तिला चहूबाजूंनी जखडत होते. नंतरच्या तहात दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी आणि साठ लाखांहून अधिक उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला. हे सर्वांना ठाऊक असते. येथे महत्त्वाचा आहे तो इब्राहिमखान गारदी. फ्रेंच सेनानी बुसी याच्या कवायती पलटणींत तयार झालेला हा सरदार थोड्याच काळापूर्वी निजामअलीची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला होता. त्याच्याबरोबर तोफा आल्या, आणि रांगेत उभे राहून हुकुमासरशी बार काढणारे पायदळही आले.

या पायदळाच्या हाती चकमकीची बंदूक होती. तिची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली असे. इंग्रजांच्या त्या काळच्या बंदुकीत हा फरक सुमारे दीड मिलिमीटरचा होता. कारण उघड आहे. दहा-वीस बार झाल्यावर काळ्या दारूची काजळी नळीत साचते, आणि घट्ट बसणारी गोळी मग गजाने ठासूनही आत उतरत नाही. सैल गोळी चटकन उतरते. पण तीच गोळी बाहेर पडताना नळीच्या भिंतींवर आपटत येते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या विरुद्ध दिशेला भरकटते. बंदूकधारी कितीही निष्णात असो, गोळी कुठे जाईल याचा निर्णय त्या शेवटच्या धक्क्यावर होता.

जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रज कर्नलाने १८१४ मध्ये याची कबुलीच देऊन ठेवली आहे. त्याच्या मते, दीडशे यार्डांवर साध्या बंदुकीच्या गोळीने जखमी होणारा शिपाई फार दुर्दैवी म्हणायचा. दोनशे यार्डांवर एखाद्या माणसाचा नेम धरणे तर चंद्राचा नेम धरण्यासारखेच. त्या काळच्या इंग्रजी कवायतीत नेम धरण्याचा हुकूमच नव्हता. बंदूक समोर करण्याचा हुकूम होता, आणि नंतर बार काढण्याचा.

मग उपाय एकच उरतो : एक गोळी भरवशाची नसेल तर शेकडो गोळ्या एकदम सोडायच्या. त्यासाठी माणसे दाटीने उभी राहिली पाहिजेत. दारू नळीच्या तोंडातून घालायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचे. हे उभ्यानेच नीट जमते. पुढची रांग गुडघ्यावर बसली तर मागच्यांना तिच्या डोक्यावरून बार काढता येतो. उभे राहणे आणि गुडघा टेकणे ही दोन आसने अशी जन्मली. त्यांचा संबंध नेमाच्या अचूकतेशी नव्हता. तो दाटीशी आणि ठासणीशी होता.

गावोगावची तोडेदार बंदूक मात्र वेगळ्या स्वभावाची होती. जळता तोडा रंजकीला लावायचा, ती पेटून कानातून ज्वाळा आत जायची, मग बार उडायचा. या सगळ्याला वेळ लागे, आणि तेवढा वेळ बंदूक हलू न देता धरणे हीच खरी परीक्षा होती. पण या बंदुकांची नळी लांब असे, आणि भिंतीवर टेकवून मारल्यास त्या कवायती बंदुकीपेक्षा दूरवर मारा करत, असे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही नोंदवले आहे. मराठवाड्यातील कोणत्याही किल्ल्याच्या तटावर बारीक तिरपी भोके दिसतात. त्या जंग्या. जंगीच्या कडेवर नळी टेकली की हाताचा थरकाप निम्म्याहून कमी होतो. आजच्या नेमबाजीचा पहिला धडा, वजन स्नायूंवर न ठेवता टेकूवर ठेवणे, हा या दगडी भोकांतच कोरलेला आहे.

उदगीरनंतर साठ वर्षांच्या आत नांदेडच्या मुलखात या दोन बंदुका आमनेसामने आल्या.

हदगाव भागातील नाव्हा येथील किल्ला हटकरांचे नायक नौसाजी नाईक यांच्या ताब्यात होता. इंग्रजी कागदपत्रांत या गावाचे नाव ‘नोवाह’ असे येते. निजामाच्या राज्यात हटकरांनी बंड पुकारले होते आणि नौसाजींच्या पदरी अरब बंदूकधारी होते. त्यांच्यावर चालून आली ती मेजर पिटमनच्या हाताखालील निजामाची इंग्रजी धर्तीची फौज. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाने उभारलेल्या पलटणी तिच्यात होत्या. ८ जानेवारी १८१९ च्या सुमारास वेढा पडला आणि ३१ जानेवारीला किल्ला हल्ला करून घेतला गेला.

तीन आठवडे कशात गेले? जमीन खणण्यात. तटावरच्या बंदुकांच्या टप्प्यात उघड्या मैदानावरून चालत जाणे म्हणजे मरण. म्हणून मोर्चे खणत, मातीच्या आडाने, रोज थोडे थोडे पुढे सरकायचे, तोफा जवळ आणायच्या, शेवटी तटाखाली सुरुंग लावायचा. खुल्या रणात दीडशे यार्डांवर जिचा भरवसा नव्हता, त्या बंदुकीने जंगीच्या टेकूवरून एका शिस्तबद्ध फौजेला एवढे दिवस जमिनीत गाडून घ्यायला लावले. शेवट मात्र भयंकर झाला. किल्ल्यात सुमारे पाचशे माणसे होती. त्यांतील बहुतेक मारली गेली. नौसाजी पकडले गेले आणि हैदराबादेत त्यांचा अंत झाला.

एक तपशील इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. या लढाईबद्दल त्या पलटणींना ‘नोवाह’ हा युद्धसन्मान मिळाला. त्याच पलटणींतून पुढे हैदराबाद कंटिंजंट, मग १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट आणि १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाली. हिमालयातल्या पहाडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीच्या जुन्या सन्मानयादीत हदगावजवळचे एक खेडे आहे.

यानंतर सगळे बदलले ते नळीच्या आत कोरलेल्या आट्यांमुळे.

नळीत सर्पिल आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा टिकवते. ही युक्ती युरोपातील शिकाऱ्यांना तीनशे वर्षांपासून माहीत होती. अडचण अशी, की गोळीने आटे पकडावेत तर ती घट्ट हवी, आणि घट्ट गोळी ठासायला फार वेळ लागतो. शिकाऱ्याला तो वेळ असतो, शिपायाला नसतो. १८४९ च्या सुमारास मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने ही गाठ सुटली. लांबट गोळी, बुडाशी पोकळ; आत जाताना किंचित सैल, पण दारू पेटताच बूड फुगून आट्यांत रुतणारी. १८५३ ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर निघाली. तिच्या मागच्या दर्शकावर उभी शिडी होती आणि तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. हँगरच्या चंद्रापर्यंत शिपाई पोचला होता.

पण केवळ बंदूक बदलून भागेना. ९०० यार्डांवर गोळी कमानीसारखी वर जाऊन खाली येते. अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला तरी ती डोक्यावरून जाते किंवा पायाशी पडते. म्हणून इंग्रजांनी १८५३ मध्ये हाइथ येथे शाळाच काढली. तिथे शिपायाला अंतर डोळ्याने मोजायला शिकवत : किती अंतरावर माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, किती अंतरावर बटणे दिसेनाशी होतात. गोळी न घालता तासन् तास घोडा ओढण्याचा सरावही होई. नेमबाजी ही शिकवता येणारी, पायऱ्यापायऱ्यांनी वाढवता येणारी विद्या आहे, ही कल्पना सैन्यात खऱ्या अर्थाने तिथे रुजली.

हीच विद्या हिंदी शिपायांना देण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे निघाली. १८५७ च्या जानेवारीत डमडमला काडतुसांच्या चरबीची बातमी फुटली. काडतुसाला चरबी का, याचे कारण पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. आट्यांच्या नळीत जवळजवळ घट्ट बसणारी गोळी घसरत जावी आणि काजळी मऊ राहावी, यासाठी ते वंगण होते. लांबवरच्या नेमाची हाव आणि शिपायाचा धर्म यांची टक्कर त्या कागदी पुडीत झाली.

पुढे जे घडले ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे.

उठाव मोडल्यावर हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक निघाली. बाहेरून पाहिली तर एनफिल्डच. पण नळीतले आटे खरवडून ती पुन्हा गुळगुळीत केलेली, आणि अंतराच्या खुणांची शिडी काढून तिच्या जागी एक न हलणारा ठोकळा बसवलेला. एवढ्या कष्टाने साधलेला नेम कारखान्यात मुद्दाम पुसून टाकला गेला. शिपायाला लढता यावे, पण लांबवर अचूक मारता येऊ नये, हे धोरण इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडत नाही. ते लोखंडात लिहिलेले आहे. पुढेही हिंदी पायदळ एक पिढी मागेच राहिले. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायांना स्नायडर मिळाली. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपाई मार्टिनीपर्यंत पोचला. १८७८ च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य माणसाच्या हातची बंदूक परवान्याखाली आणली. युरोपीयांना त्यातून सूट होती. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध आणि हिंदी लोकांना स्वयंसेवक पलटणींत घेण्याविषयी ठराव केले, ते यामुळे.

तिकडे इंग्लंडमध्ये याच काळात नेमबाजी हा मध्यमवर्गाचा खेळ होत होता. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ रायफलचा पहिला बार काढून नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धेचे उद्घाटन केले. रायफल आधीच टेकूवर घट्ट बांधलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूजवळ लागली. खेळाच्या आरंभीच सिद्ध झालेले सत्य ते हेच : रायफल स्थिर असेल तर गोळी चुकत नाही. उरलेला सारा प्रश्न माणसाचा.

आता तिसरे आसन. नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुकीने पालथे पडून लढणे जवळजवळ अशक्यच. मागून काडतूस घालायची रायफल आली आणि हे बंधन सुटले. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेत्सच्या लढाईत ऑस्ट्रियाचे शिपाई उभ्याने गज चालवत होते आणि प्रशियाचे शिपाई जमिनीला चिकटून त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने मारा करत होते. जमीन हा सर्वांत मोठा टेकू आहे, हे त्या दिवशी युरोपला कळले. पुढे धूर न करणारी दारू आली आणि पालथा पडलेला नेमबाज दिसेनासाच झाला. १५ डिसेंबर १८९९ रोजी कोलेन्सो येथे खंदकांत दडलेल्या बोअर शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेची चाळण केली; इंग्रजांना शत्रू धड दिसलाही नाही. (त्या रणांगणावरून जखमी वाहून नेणाऱ्या हिंदी पथकाचे नेतृत्व बॅरिस्टर गांधींकडे होते.) त्या धड्यानंतर इंग्रज सैन्याने नेमबाजीचे शिक्षण मुळापासून बदलले. १९१४ पर्यंत त्यांचा शिपाई .३०३ रायफलने ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार काढू लागला.

असे उभे, गुडघ्यावर आणि पालथे हे तीन थर रचले गेले. रणांगणावरून ते सरळ खेळात उतरले.

स्वतंत्र भारतात हा खेळ रुजवण्याच्या कामी पुढे आले ते दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत, आणि निष्ठा गांधीजींवर. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका गांधीवाद्याने रायफल संघटना उभारावी यात अनेकांना विसंगती वाटते. हत्यार कायद्याचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर ती उरत नाही. जी विद्या नळीतून खरवडून काढली होती, ती नागरिकांना परत करण्याचे ते काम होते. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवरची एक स्पर्धा आजही मावळंकरांच्याच नावाने भरते.

दुसरी वाट १९४८ मध्ये उघडली, ती एनसीसीची. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील मुलामुलींच्या हाती कायदेशीर रायफल आली ती पुढे या खाकी गणवेशामुळेच. छात्रांची .२२ रायफल आणि २५ मीटरवरचे लक्ष्य हे दिसायला अगदी किरकोळ. पण अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीच्या छात्र म्हणूनच झाली होती.

त्या २५ मीटरवर जे शिकवतात, ते या साऱ्या इतिहासाचे सार म्हणता येईल. नवशिक्याला पहिल्या दिवशी मध्यबिंदू गाठायला सांगत नाहीत. पाच गोळ्या मारायच्या, आणि पाचही भोके एकमेकांजवळ पडली पाहिजेत. मग ती लक्ष्याच्या कोणत्या कोपऱ्यात पडली याला महत्त्व नाही. भोके जवळ असतील तर माणूस बरोबर आहे आणि दर्शक चुकीचा. दर्शक दोन खुणा फिरवला की काम झाले. भोके विखुरली असतील तर दर्शक फिरवून काहीही होत नाही. एक गोळी मध्यावर लागली आणि चार भरकटली, यात आनंद मानणारा छात्र अजून उदगीरच्या रांगेतच उभा आहे.

भोके जवळ यायची तर सुरुवात हाडांपासून होते. स्नायू थकतात आणि थरथरतात, हाड थकत नाही. पालथे पडल्यावर डाव्या दंडाला अडकवलेला पट्टा रायफलचे वजन कोपरामार्फत जमिनीत सोडतो. हाताने काहीच उचलायचे नसते. गुडघ्यावर बसताना टाचेखाली एक गुंडाळी असते, आणि डावे कोपर गुडघ्याच्या वाटीवर न ठेवता तिच्या किंचित पुढे ठेवतात, कारण वाटीवर ते घसरते. उभ्याने सर्वांत कठीण. तिथे पट्ट्याचा आधार नाही. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते, पाठ किंचित मागे झुकते, आणि रायफलचे वजन कंबरेतून पायांत उतरते. जंगीचा दगड गेला. त्याची जागा नेमबाजाच्या स्वतःच्या सांगाड्याने घेतली.

मग येते ती गोष्ट, जी उत्तम आणि साधारण नेमबाजात फरक करते. रायफल लक्ष्यावर रोखायची, डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि डोळे उघडायचे. नळी आता जिथे पाहते आहे, तो शरीराचा स्वाभाविक नेम. तो लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हाताने रायफल उजवीकडे ओढायची नाही. ओढलेला हात बार काढण्याच्या क्षणी सैल पडतो आणि गोळी परत डावीकडे जाते. उठून सगळे शरीरच थोडे फिरवायचे. हे कंटाळवाणे असते, वेळखाऊ असते, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात.

डोळ्याचीही एक फसवणूक आहे. नवशिका लक्ष्याकडे पाहतो. तयार नेमबाज माशीकडे, म्हणजे नळीच्या टोकावरील दर्शकाकडे पाहतो, आणि लक्ष्य थोडे धूसर दिसू देतो. यामागे साधे गणित आहे. पुढच्या आणि मागच्या दर्शकात सुमारे एक मीटर अंतर धरले, तर पुढचे टोक एक दशांश मिलिमीटर सरकताच ५० मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाची मध्यापासून कडेपर्यंतची सगळी जागा तेवढीच आहे. स्पर्धेच्या रायफलवर माशीच्या जागी एक गोल कडे असते. त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल मध्यभागी बसवायचा. वर्तुळात वर्तुळ समकेंद्री आहे की नाही हे माणसाचा डोळा विलक्षण अचूकपणे ओळखतो.

श्वास सोडल्यानंतर पुढचा श्वास घेण्याआधी शरीर आपोआप काही क्षण थांबते. बार त्या थांब्यात काढायचा. सात-आठ सेकंदांत तो निघाला नाही तर रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हट्टाने धरून ठेवले की डोळ्यापुढची प्रतिमा शिळी होते, नाडीचे ठोके नळीच्या टोकापर्यंत पोचतात, आणि बोट घाई करते. चाप सरळ मागे, हळूहळू वाढत्या दाबाने ओढला जातो. बार झाल्यावरही लगेच डोके उचलायचे नाही. गोळीला ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा भाग लागतो. रंजकीच्या काळातला तोडेवाला ज्वाळा आत पोचेपर्यंत जसा गोठून राहत असे, तसेच आजही राहावे लागते.

आणि वारा. .२२ची हलकी गोळी ५० मीटरवरही वाऱ्याने ढळते. मैदानावर लावलेल्या छोट्या निशाणांकडे नेमबाज प्रत्येक बारापूर्वी पाहतो. दर झुळुकीला दर्शक फिरवत बसणारा हरतो. ज्या वाऱ्यात दर्शक बसवला तोच वारा परत येईपर्यंत थांबणारा टिकतो.

या विद्येची दोन शिखरे कोल्हापूरने पाहिली. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल पालथ्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गेले.

दुसरे शिखर म्हणजे शातोरू. पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा आलेला कुसाळे अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या पंधरा गोळ्यांनंतर १५३.३ गुणांवर, मागे होता. पालथ्या आसनानंतर ३१०.१. खरी परीक्षा शेवटच्या, सर्वांत जुन्या आसनाची. उभ्याने पहिल्या दहा गोळ्या संपल्या तेव्हा ४११.६ गुणांवर तो तिसरा होता. नंतर एकेका गोळीला एकेक स्पर्धक बाहेर पडत गेला. ४५१.४ गुणांवर कुसाळे थांबला. चीनचा लिऊ युकुन आणि युक्रेनचा सेरही कुलिश त्याच्या पुढे राहिले. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक जिंकले. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या रायफल नेमबाज.

कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरीला. पदक जिंकले तेव्हा तो तिकीट तपासनीस होता. मध्य रेल्वे १९५१ मध्ये जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतून झाली, आणि निजाम स्टेट रेल्वेही तिच्यात विलीन झाली. नांदेडवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग त्या निजामी रेल्वेचाच होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची स्वतःची स्वयंसेवक रायफल पलटण होती. तिच्यात असत ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी. हिंदी तिकीट तपासनिसाला तिचे दार बंद होते.

नांदेड-लातूरमध्ये आज रायफलचा आवाज येतो तो प्रामुख्याने दोन ठिकाणांहून : नांदेड जिल्ह्यात मुदखेडचे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र, आणि लातूर जिल्ह्यात चाकूरचे सीमा सुरक्षा दलाचे. देशभरातून आलेले रंगरूट तिथे आधी पालथे पडून पाच गोळ्या मारतात, उठून लक्ष्यापर्यंत चालत जातात, आणि पाच भोकांमधले अंतर मोजतात.